अंगठा दिसेपर्यंत खरं: जेट विमानाचं मॉडेल बनवायला इतका वेळ का लागतो?

काँक्रीटवर एक करडं लढाऊ विमान उभं आहे. पोटाखालच्या पत्र्यावर तेलाचे ओघळ आहेत. मागच्या नोझलभोवतीचा धातू तापून निळसर-तपकिरी झालाय. वैमानिक चढतो तिथला रंग बुटांनी घासून गेलाय. फोनवर आलेला फोटो बघून आपण पुढे सरकतो, तर पुढच्याच फोटोत त्या विमानाशेजारी एक अंगठा. अख्खं कॉकपिट त्याच्याखाली झाकलं जाईल एवढा.

असे फोटो पाहिलेले लोक मला ठरावीक तीन प्रश्न विचारतात. हे विकत मिळतं का? बनवायला तीन महिने कसे काय लागले? आणि नवंकोरं विमान मुद्दाम मळकं का केलंय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: विकत मिळते ती सुट्या भागांची पेटी, म्हणजे किट. उरलेल्या दोघांचं मूळ एकच आहे. मोजपट्टीने जे बरोबर येतं ते डोळ्याला पटतंच असं नाही, आणि मॉडेल बनवणाऱ्याला दोघांचंही मन राखावं लागतं.

स्केल म्हणजे नेमकं किती लहान?

स्केल म्हणजे प्रमाण. १/७२ म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ सेंटिमीटर मॉडेलवर १ सेंटिमीटर. जेट विमानांमध्ये १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणं जास्त चालतात. जागेची फारच चणचण असेल तर १/१४४. हे आकडे चमत्कारिक वाटतात, कारण ते फूट-इंचांच्या हिशेबातून आलेत. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून १/७२ मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १/४८ मध्ये एक फूट म्हणजे पाव इंच.

मिग-२१ च्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. तो १/७२ मध्ये १० सेंटिमीटरला जरासा कमी भरतो, १/४८ मध्ये १५ आणि १/३२ मध्ये २२ सेंटिमीटर. सुखोई-२७ ची लांबी मात्र जवळपास २२ मीटर. १/३२ मध्ये ते ६८ सेंटिमीटरचं धूड होतं, आणि त्याला कपाटातला कप्पा पुरत नाही. नवखे लोक इथेच फसतात. ७२ आणि ४८ मध्ये फारसं अंतर वाटत नाही, पण लांबी दीडपट झाली की ठेवायला जागा सव्वादोनपट लागते.

वजनाचा हिशेब तर आणखी गमतीचा. एफ-१६ रिकामं असताना साधारण साडेआठ टन भरतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७२ पटींनी घटल्या, तर वजन ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी घटायला हवं. उत्तर येतं सुमारे २३ ग्रॅम. पण हे वजन खऱ्या विमानात जिथे असतं, तिथे मॉडेलमध्ये नसतं. खऱ्या नाकात रडार आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्या ठासून भरलेल्या असतात. मॉडेलचं नाक पोकळ. त्यामुळे बरीच जेट मॉडेलं चाकांवर उभी केली की नाक वर करून बुडावर बसतात. यावर उपाय म्हणजे दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी नाकात वजन भरणं. किती ग्रॅम, ते किटसोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ती ओळ नजरेतून सुटली तर चूक कळते ती सगळं रंगवून झाल्यावर.

पेटी उघडल्यावर

आत प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना लटकलेले शंभर-दोनशे भाग. वितळलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबून भरतात. ते ज्या वाटांनी आत जातं, त्या वाटाच थिजून या चौकटी होतात. प्रत्येक भाग कापून काढायचा, कापल्याची खूण घासायची. साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या दांड्यांचे गोल वण बुजवायचे. जिथे प्लास्टिक जाड असतं तिथे ते थंड होताना आक्रसून खळगा पडतो, तोही भरायचा. अजून काही जोडलेलंसुद्धा नाही, आणि एक संध्याकाळ गेली.

जोडायला जो द्रव वापरतात त्याला आपण सवयीने गोंद म्हणतो, पण तो चिकटवत नाही. तो प्लास्टिकच्या दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकजीव होतात. वेल्डिंगच म्हणा. दोन भाग जुळवून धरायचे आणि फटीला कुंचल्याचं टोक टेकवायचं. टीपकागदात शाई चढावी तसा द्रव फटीतून आपोआप धावत जातो. बोट फटीवर असेल तर तो बोटाखालीही धावतो आणि पंखावर बोटाचा ठसा कायमचा कोरला जातो. (खिडकी उघडी ठेवा. या द्रवाची वाफ छातीला चांगली नाही, आणि रंग फवारताना मास्क हवाच.)

काम सुरू होतं कॉकपिटपासून, कारण ते आत बंद होणार असतं. जो भाग नंतर सर्वांत कमी दिसतो त्यावर सर्वांत आधी मेहनत करायची, असा हा उलटा कारभार.

सगळा वेळ सांध्यात जातो

खऱ्या विमानाचं धड डाव्या आणि उजव्या अर्ध्यांचं नसतं. मॉडेलचं बहुतेक वेळा असतं. म्हणजे पाठीवरून आणि पोटावरून नाकापासून शेपटीपर्यंत एक सांधा जातो, जो खऱ्या विमानावर नाहीच. तो नाहीसा करायचा म्हणजे पुटी भरायची, वाळू द्यायची, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घासायची, प्रायमरचा करडा थर मारायचा. प्रायमर लागला की लपलेली प्रत्येक चूक वर येते. परत पुटी. तीन महिन्यांतला मोठा हिस्सा असाच जातो, आणि पूर्ण झाल्यावर त्याचं काहीच दिसत नाही. दिसलं तर काम फसलं.

जेट विमानांना यात एक खास डोकेदुखी आहे: हवा आत घेणारी तोंडं. पंख्याच्या जुन्या विमानांना ही कटकट नव्हती. एफ-४ फॅन्टमच्या कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना मोठी तोंडं आहेत, त्यांतून आत लांब बोगदा जातो. मॉडेलमध्ये हा बोगदा दोन अर्ध्यांचा, आणि सांधा आतल्या बाजूला, जिथे बोट पोचत नाही. खऱ्या बोगद्याची भिंत गुळगुळीत पांढरी असते, म्हणून सांधा लगेच डोळ्यात भरतो. काही जण रेझिनचा अखंड बोगदा वेगळा विकत घेतात. काही जण आत पांढरा रंग ओतून, विमान फिरवून फिरवून भिंतींवर पसरवतात. आणि काही जण तोंडावर लाल झाकण बसवतात. ही चोरी म्हणता येणार नाही, कारण उभ्या विमानाच्या तोंडात पक्षी, खडे, पालापाचोळा जाऊ नये म्हणून खरोखरच अशी झाकणं लावतात.

दुसरी डोकेदुखी कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक घुमटाची. एफ-१६ किंवा सुखोई-२७ चा घुमट तळाशी अरुंद आणि मध्ये फुगीर असतो. असा आकार दोन तुकड्यांच्या साध्या साच्यातून सुटत नाही, म्हणून साच्याला आणखी एक तुकडा जोडतात आणि घुमटाच्या बरोबर मधून एक रेघ उमटते. ती घासायची, म्हणजे स्वच्छ पारदर्शक भाग हाताने धुरकट करायचा, आणि मग पॉलिश करत करत पुन्हा पारदर्शक करायचा. पहिल्यांदा करताना हात कापतो.

माझी एक सुखोई मी रंगवून, सगळं आटोपून, शेवटी कॅनॉपी घाईने सुपरग्लूने बसवली. सकाळी पाहतो तर आत धुकं. सुपरग्लूची वाफ आसपास बसते आणि पांढरी पडते. बोटांच्या स्निग्धपणावर तर ती आवर्जून बसते. गुन्ह्याच्या तपासात ठसे उठवायला हीच युक्ती वापरतात. माझ्या कॅनॉपीच्या आतल्या बाजूला माझ्याच अंगठ्याचा ठसा पांढराशुभ्र, रेघन्‌रेघ मोजता येईल असा उमटला होता. तेव्हापासून काचेला पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद.

सगळं मोजून लहान केलं तर बिघडतं कुठे?

विमानाचं अंग पत्र्यांच्या तुकड्यांनी बनलेलं असतं. दोन पत्र्यांमधल्या रेषेला पॅनल लाइन म्हणतात. समजा, ती फट एक मिलिमीटरची आहे. ७२ ने भागली की ०.०१४ मिलिमीटर उरते, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा पाचवा भाग. रंगाच्या पहिल्याच थरात ती बुजून जाईल. म्हणून किट बनवणारे ती ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंद कोरतात. आता उलटा गुणाकार करा: ०.२ गुणिले ७२ म्हणजे १४ मिलिमीटर. खऱ्या विमानाच्या अंगावर सगळीकडे बोट जाईल एवढ्या भेगा असाव्यात, असं हे झालं.

मग हे चूक आहे का? भिंतीवरचा नकाशा आठवा. त्यावरचा महामार्ग पट्टीने मोजला तर तो खऱ्या जमिनीवर काही किलोमीटर रुंद भरेल. तरी नकाशा खोटा आहे असं कोणी म्हणत नाही. रस्ता दिसायला हवा, म्हणून तो जाड काढलाय. मॉडेलवरच्या पॅनल लाइन तशाच आहेत. त्यांत पातळ गडद रंग सोडून वरचा पुसून टाकतात, याला वॉश म्हणतात. रेषेत रंग राहतो, पत्र्यावरून जातो. किती गडद ठेवायचा, हा ज्याच्या त्याच्या डोळ्याचा प्रश्न. काळ्याभोर रेषांनी चौकटीच्या वहीसारखं झालेलं विमान मला आवडत नाही. पण रेषा अजिबात न उठवलेलं विमान साबणाच्या वडीसारखं दिसतं, हेही खरं.

रंगाचंही असंच आहे. १/७२ चं मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान २१-२२ मीटरवरून पाहणं. लांबची गोष्ट मधल्या हवेमुळे किंचित फिकी दिसते. दूरचा डोंगर निळा दिसतो तेच हे. शिवाय लहान पृष्ठभागावर गडद रंग अधिकच गडद भासतो. म्हणून खऱ्या विमानाचा तंतोतंत रंग मॉडेलला लावला की ते काळवंडलेलं वाटतं. किती फिका करावा, यावर मॉडेलवाल्यांची भांडणं मिटलेली नाहीत. मी थोडा पांढरा मिसळतो आणि वादात पडत नाही.

करड्यातले करडे

बाहेरच्या माणसाला सगळी आधुनिक जेट विमानं करडी दिसतात. आतल्यांकडे त्या करड्यांचे नंबर असतात. अमेरिकेत १९५६ पासून फेडरल स्टँडर्ड ५९५ नावाची रंगांची यादी वापरात आली. त्यात प्रत्येक रंगाला पाच आकडी नंबर. पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा रंगाचं घराणं सांगतो: ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. उरलेले तीन आकडे साधारण गडदकडून फिक्याकडे चढत जातात. एफ-१६ वर अनेक वर्षं ३६११८, ३६२७० आणि ३६३७५ असे तीन करडे होते. नंबर वाचता आला की न बघताही कळतं: तिन्ही मॅट, तिन्ही करडे, शेवटचा सर्वांत फिका.

रंगानंतर येतात डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची चिन्हं आणि नंबर. "पाय ठेवू नये" अशा तांदळाच्या दाण्याहून लहान सूचनासुद्धा यात असतात, आणि एका जेटवर त्या सहज शंभराच्या वर जातात. इथला नियम सगळ्यांना उलटा वाटतो: विमान शेवटी मॅट दिसायला हवं असलं तरी डिकलआधी ते चकचकीत वार्निशने गुळगुळीत करायचं. मॅट रंग म्हणजे सूक्ष्म खडबडीतपणा. डिकलखाली त्या खाचांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी चमकू लागतात. खरखरीत पुठ्ठ्यावर सेलोटेप लावून पाहा, तीच चमक दिसेल. डिकल बसले की वरून मॅट वार्निश.

"पण नवं विमान मळवायचं कशाला?"

हा आक्षेप योग्य आहे, आणि मॉडेलवाल्यांनी तो जरा मनावर घ्यायलाही हवा. बरीच हवाई दलं विमानं चांगली स्वच्छ ठेवतात. गंजलेल्या ट्रकसारखं लढाऊ विमान कोणी उडवत नाही.

पण विमान कुठे राहतं त्यावर सगळं अवलंबून आहे. विमानवाहू जहाजावरच्या विमानाला खारट हवा चोवीस तास खाते. गंज दिसला की तेवढाच भाग घासून तिथे ताज्या रंगाचा ठिगळ मारतात, धुऊन नव्याने रंगवायला वेळ नसतो. त्यामुळे अशा विमानांच्या करड्या अंगावर दुसऱ्या करड्याचे डाग दिसतात. ज्या झडपा तंत्रज्ञ रोज उघडतात, त्यांच्या कडा हाताळून काळ्या होतात. वर्षातून एकदा उघडणारी झडप स्वच्छ राहते. उड्डाणात सांडलेलं तेल वाऱ्याने मागे ओढलं जातं, उभं असताना गळलेलं सरळ खाली. चांगल्या मॉडेलवर प्रत्येक डागाला असं कारण असतं. स्पंजने सगळीकडे सारखा फासलेला मळ ओळखू येतो.

"शेवटी खेळणंच ना?"

खेळण्याला बिनधास्त वापरता येतं, यातलं काही धरायला गेलात तर अँटेना हातात येते. तेवढ्याने माझं समाधान होतं, पण इतिहासही या बाजूने आहे. ब्रिटनमध्ये फ्रॉग पेंग्विन नावाची १/७२ ची प्लास्टिक किटं १९३६ मध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं हे आकारावरून ओळखणं जिवावरचं काम होतं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ ची पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली. ती काळी रंगवलेली असत, कारण आकाशात दिसते ती फक्त काळी आकृती. १० मीटरवर धरलेलं असं मॉडेल म्हणजे ७२० मीटरवरचं खरं विमान.

आणि एक गोष्ट उलट बाजूची. १९८६ मध्ये अमेरिकेत टेस्टर कंपनीने 'एफ-१९ स्टेल्थ फायटर' नावाचं किट काढलं. अमेरिकेकडे रडारला न दिसणारं गुप्त विमान आहे अशी कुजबुज होती. किट बनवणाऱ्यांनी अंदाजाने गोलसर, सपाट आकार रचला. देशाच्या संसदेत प्रश्न निघाला की खासदारांना जे पाहू देत नाहीत ते दुकानात कसं मिळतं. मग नोव्हेंबर १९८८ मध्ये सरकारने खऱ्या विमानाचा, एफ-११७ चा, एक धूसर फोटो प्रसिद्ध केला. ते हिऱ्यासारखं पैलूदार, सपाट तुकड्यांचं निघालं. किटशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं.

"थ्रीडी प्रिंटर असताना हे हातकाम कशाला?"

प्रिंटर या छंदात केव्हाच शिरलाय, आणि वैमानिकाची खुर्ची, नोझल, चाकं असे लहान भाग तो साच्यापेक्षा नाजूक काढतो. मोठ्या गुळगुळीत पंखावर मात्र थरांच्या रेषा घासत बसावं लागतं, आणि मग पुन्हा आपण पॉलिश पेपरपाशीच. छापून आलेल्या भागाला रंग कुठला आणि डाग कुठे, हे तरीही कोणीतरी ठरवावं लागतंच.

"ही शस्त्रं आहेत, त्यांचं कौतुक कसलं?"

हा प्रश्न मलाही पडतो आणि त्याचं चटपटीत उत्तर माझ्याकडे नाही. ही माणसं मारायला बनवलेली यंत्रं आहेत. पंखाखाली बॉम्ब चिकटवताना, त्यावरच्या पिवळ्या पट्ट्या नीट रंगवताना, कधी कधी हात थबकतो. मी बहुतेक विमानं रिकाम्या पंखांनी ठेवतो. दुसरे ठेवत नाहीत, आणि त्यांची बाजूही मी ऐकली आहे: अर्धं सत्य दाखवणंही खोटंच.

मॉडेल समोर आलं तर काय बघायचं?

रंग आधी बघू नका, तो सगळ्यांत फसवा. नाकासमोर वाकून सरळ रेषेत पाहा: दोन्ही पंख सारख्या उंचीवर आहेत का, शेपटी उभी आहे का. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटीच्या शाखा आता अनेक देशांत आहेत, आणि त्यांच्या स्पर्धांत परीक्षकसुद्धा सांधे आणि सरळपणा यांवर आधी नजर टाकतात.

फॅन्टम असेल तर समोरून पाहण्यात खास मजा आहे. त्याच्या पंखांची टोकं १२ अंशांनी वर वळलेली आणि मागची लहान पाती २३ अंशांनी खाली झुकलेली. हे कोन चुकले तर बाकी सगळं बरोबर असूनही तो फॅन्टम वाटत नाही. ए-४ स्कायहॉक असेल तर पंखाची पुढची कड बघा. तिथल्या पट्ट्यांना चालवणारी मोटर नाही. हवेच्या दाबाने त्या बंद होतात आणि जमिनीवर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतात. चाकांवर उभ्या स्कायहॉकच्या पट्ट्या घट्ट मिटलेल्या असतील, तर बनवणाऱ्याने खऱ्या विमानाचे फोटो पाहिलेले नाहीत.

मग मोबाइलचा टॉर्च लावून हवेच्या तोंडात डोकवा, बोगद्यात सांधा दिसतो का ते. लाल झाकण असेल तर डोकवता येणार नाही. माझ्या फॅन्टमच्या दोन्ही तोंडांवर लाल झाकणं आहेत, आणि ती चिकटवलेली आहेत.